तीच लावणी, दहा वर्षांनी

ताई, सा. न.

मी इचलकरंजीची. वय वीस. दहा वर्षांची असताना टीव्हीवरच्या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या पाचात पोचले होते. तिथे म्हटलेली एक जुनी लावणी अजून मोबाइलवर फिरते. तेव्हापासून कार्यक्रम चालूच आहेत. गणपती, नवरात्र, जत्रा, पतसंस्थांचे वर्धापनदिन. पोस्टरवर माझ्या नावाआधी अजून 'छोटी' छापतात. माझ्यासाठी बाबांनी कारकुनी सोडली. सुपाऱ्या तेच घेतात, पैसे तेच बघतात. घर त्यावर चालतं, भावाची इंजिनिअरिंगची फीसुद्धा त्यातूनच जाते.

मला आता पॉप गायचंय. मराठीत, स्वतः लिहिलेलं. दोन वर्षं पुण्यात खोली घेऊन शिकतेय, वाजवणारे तीन-चार मित्र मिळालेत. बाबा म्हणतात, असलं कोण ऐकतंय, लोकांना तुझी लावणी हवी. ती मला आता म्हणवत नाही. तेव्हा लोक 'किती गोड' म्हणायचे, आता त्याच ओळीला पुढच्या रांगेतून शिट्या येतात. आवाजही बदललाय, वरच्या सुरांना घसा दुखतो. जुन्या व्हिडिओखाली लोक लिहितात, 'लहानपणी छान गायची.'

एका कंपनीने पाच वर्षांचा करार पाठवलाय. इंग्रजीत, चौदा पानी. पहिलं गाणं त्यांना त्याच लावणीचं रिमिक्स हवंय. बाबांना सहीची घाई आहे. सही करू का? नाव बदलू का? जुने व्हिडिओ काढून टाकता येतील का?

सोबत माझ्या एका गाण्याचा मुखडा पाठवतेय. फार साधा आहे. हसू नका.

(नाव छापू नये)

पोरी,

आधी लावणीचं बोलू, बाकीचे प्रश्न महिनाभर थांबले तरी चालतील. पुढच्या कार्यक्रमापासून ती लावणी म्हणू नकोस. आयोजकाने कितीही गळ घातली तरी नाही. तुला ती म्हणवत नाही, एवढं कारण पुरे आहे. ते कुणाला पटवून देत बसायची गरज नाही.

लावणीबद्दल माझ्या मनात अढी नाही, उलट फार प्रेम आहे. सुलोचना चव्हाण अंगभर पदर घेऊन माइकसमोर उभ्या राहायच्या आणि सगळा शृंगार फक्त आवाजातून यायचा. त्याही लहान वयातच चित्रपटांसाठी गायला लागल्या होत्या, पण ज्या लावणीने त्यांना 'लावणीसम्राज्ञी' केलं ती त्या जाणत्या बाई झाल्यावर गायल्या. शब्दाचा अर्थ ठाऊक असलेल्या बाईने तो किती उघडायचा आणि किती झाकायचा हे स्वतः ठरवणं, हीच तर त्या कलेतली खरी गंमत. दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी तेच शब्द द्यायचे, कुठल्या ओळीवर भुवई उडवायची ते शिकवायचं आणि तिला काही कळत नाही म्हणून ते गोड मानायचं, यात कला कुठे आली? ती चूक आम्हा मोठ्यांची. असे कार्यक्रम मीही घरात बसून बघितलेत, मीही टाळ्या वाजवल्यात. आज त्याचं वाईट वाटतं.

तू लिहिलंस की तेव्हा 'गोड' म्हणायचे आणि आता शिट्या येतात. त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. कारण ते 'गोड' आणि ही शिट्टी, दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात. तेव्हाही लोक गाणारीच्या वयाकडे बघत होते आणि आताही वयाकडेच बघताहेत. तू सूर कसा लावलास, जागा कशी घेतलीस, हे तेव्हाही थोड्यांनीच ऐकलं. लहानपणी नाव मिळालेल्या प्रत्येक गाणाऱ्याची अडचण इथूनच सुरू होते. 'एवढ्याशा वयात कसं गाते बघा' हे कौतुक वयाला चिकटलेलं असतं आणि वय सरलं की तेही सरतं. तुझं काही चुकलं म्हणून ते गेलं नाही. व्हिडिओखालचं 'लहानपणी छान गायची' वाचशील तेव्हा हे आठव.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९७७ साली मी अकरा वर्षांची होते आणि आमच्या भागातल्या एका ऑर्केस्ट्रात गायचे. नावाआधी 'बेबी' होतं, लेसचा पांढरा फ्रॉक होता, दोन वेण्या होत्या. लतादीदींची गाणी मी हरकतींसकट, श्वास घेण्याच्या जागांसकट म्हणायची. निवेदक 'डोळे मिटून ऐका' म्हणायचा आणि लोक खरंच डोळे मिटायचे. चौदाव्या वर्षी माझा आवाज जड झाला, वरच्या सुरात हवा यायला लागली. मालकांनी तरीही वर्षभर मला त्याच फ्रॉकात उभं केलं, पोस्टरवर वय दहाच छापत राहिले. मग एका सीझनला तालमीला गेले, तर फ्रॉक दुसऱ्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या अंगावर होता. मला कुणी काही बोललंसुद्धा नाही. परत येताना एसटीत वडील म्हणाले, 'अभ्यासाकडे लक्ष दे आता.' पुढे मी शाळेत संगीताची शिक्षिका झाले, एकतीस वर्षं मुलांना शिकवलं आणि सुखात शिकवलं. पण त्या दिवशी माझ्यापाशी माझं असं एकही गाणं नव्हतं, ही टोचणी अजून आहे. मी हुबेहूब गायची. हुबेहूब गाणारी दुसरी मिळते.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल तर तू स्वतः लिहितेस याचा. मला एकच गोष्ट सांगायची आहे ती हीच, आणि पुढचं सगळं तिच्यासाठीच सांगणार आहे. लहानपणी तू दुसऱ्यांची गाणी उत्तम म्हणालीस. मोठेपणी टिकायचं तर गाणं तुझं हवं. शब्द तुझे, निदान चाल तुझी, आणि त्यावरचा हक्कही तुझा.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण पॉपमधलं नाही, तरी सांगते. सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळीमठ हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गायचा. लोक थक्क व्हायचे. त्याला 'कुमार गंधर्व' हे नाव लहानपणीच मिळालं. मग हा नावाजलेला मुलगा मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे गेला आणि वर्षानुवर्षं शिकत बसला. पुढे क्षयाने त्यांचं गाणंच काही वर्षं बंद पडलं. देवासला अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर आलेली माळव्याची लोकगीतं त्यांच्या गाण्यात उतरली, आणि १९५० च्या दशकात ते परत गायला बसले तेव्हा ते गाणं कुठल्याच तबकडीवर नव्हतं. नक्कल करणारं ते पोर आणि नंतरचे कुमारजी यांच्यामध्ये इतकी वर्षं आहेत. तू पुण्यात दोन वर्षं शिकतेस आणि तुला वाटतंय की उशीर होतोय. काही उशीर होत नाही.

पॉपमधलंच हवं असेल तर स्टीव्ही वंडरची गोष्ट तुझ्याशी इतकी जुळते की मलाच नवल वाटलं. अमेरिकेतला हा अंध मुलगा. १९६३ मध्ये तेराव्या वर्षी त्याचं गाणं तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेव्हा त्याच्या नावाआधी काय होतं माहीत आहे? 'लिटल'. म्हणजे 'छोटा'च. मग आवाज फुटला, पुढची गाणी चालेनात आणि त्याला ठेवावं की नाही याचा कंपनीत विचार सुरू झाला. तो तरला १९६५ मध्ये, पंधराव्या वर्षी, आणि ज्या गाण्याने तरला ते बांधण्यात त्याचा स्वतःचा हात होता. सिल्व्हिया मॉय या गीतकार बाई त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या, त्याच्याकडच्या एका तुकड्यावरून त्यांनी ते गाणं उभं केलं. 'लिटल' तोवर कधीच गळून पडलं होतं. १९७१ मध्ये एकविसाचा होताच त्याने अल्पवयीन असताना झालेला करार संपू दिला, घाईने नवा केला नाही, आणि केला तेव्हा स्वतःच्या गाण्यांचे हक्क आणि ती कशी करायची याचा अधिकार मागून घेतला. आज जग त्याला ज्या रेकॉर्डसाठी ओळखतं त्या बहुतेक त्यानंतरच्या.

म्हणजे नावाचं उत्तर मिळालं. नाव बदलू नकोस, नावाआधीचं 'छोटी' तेवढं काढ. आजच काढ. बाबांना सांग, पुढच्या पोस्टरवर नुसतं नाव आणि आडनाव. दोन-तीन मंडळं कुरकुर करतील. करू देत.

जुने व्हिडिओ तुला काढता येणार नाहीत. ते चित्रीकरण वाहिनीचं आहे आणि त्याच्या हजार नकला लोकांच्या फोनमध्ये आहेत. त्यांच्याशी भांडण्यात एक दिवसही घालवू नकोस. त्या दहा वर्षांच्या मुलीचा राग तर मुळीच करू नकोस. ती मन लावून गायली होती. काही जण लहानपणची प्रतिमा मोडायची म्हणून मुद्दाम लोकांना धक्का देतात. टीव्हीवरच्या मुलांच्या मालिकेतून आलेल्या मायली सायरस या अमेरिकन गायिकेने २०१३ मध्ये ते केलं, जगभर चर्चा झाली. तिला पहिला ग्रॅमी मिळाला तो मात्र २०२४ मध्ये, एका सरळ, मोठ्या बाईच्या गाण्यासाठी. मधल्या अकरा वर्षांत ती गात राहिली होती.

आता घसा. हे नीट वाच, पत्रात तू ते एका ओळीत उरकलंयस. मुलांचा आवाज फुटतो हे सगळ्यांना माहीत असतं, तो साधारण एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही आवाज वयात येताना बदलतो हे फार कमी जणांना ठाऊक असतं. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज दोन-तीन सूर खाली येतो आणि मधली काही वर्षं तंतू पुरते मिटत नाहीत म्हणून आवाजात हवा ऐकू येते. माझं तेच झालं होतं. कुणी सांगितलं नाही म्हणून मी समजले, माझा आवाज गेला. तू लहानपणी काळी पाचमध्ये, म्हणजे बरीच वरच्या पट्टीत, गायचीस असं धरते, स्पर्धेतल्या मुली बहुतेक तिथेच गातात. तू अजून त्याच पट्टीत त्याच जागा घेत असशील तर घसा दुखणारच. पट्टी खाली आण. पांढरी पाचला गाऊन बघ, काळी तीनला बघ. तुझ्या वादकांना दहा मिनिटांचा त्रास आहे, आणि ट्रॅकवर गात असशील तर ट्रॅकही खाली करून मिळतो. त्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन स्वरतंतूंची दुर्बिणीतून तपासणी करून घे. दहा वर्षं जत्रांमधल्या मॉनिटरशिवायच्या, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या, स्टेजवर ओरडून गाणाऱ्या मुलीच्या तंतूंवर गाठी असू शकतात. लवकर कळल्या तर बऱ्याचदा विश्रांतीने आणि आवाजाच्या व्यायामाने जातात. ही तपासणी सहीच्या आधी, रेकॉर्डिंगच्या आधी, नवरात्राच्याही आधी. आणि खालच्या पट्टीत तुझा आवाज कसा लागतो ते मित्रांना रेकॉर्ड करायला सांग. तो आवाज अजून कुणी ऐकलेलाच नाही. तुझी नवी गाणी त्याच आवाजात हवीत.

बाबांचं लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

त्यांनी नोकरी सोडली. कायमचा पगार सोडून मुलीच्या गळ्यावर घर चालवायचं, यात त्यांनाही झोप लागत नसेल. लावणी हवी असं ते म्हणतात ते हट्टाने नाही, भीतीने म्हणत असावेत. लावणी थांबली तर सुपाऱ्या थांबतील, सुपाऱ्या थांबल्या तर फी कुठून भरायची? त्या भीतीला उत्तर दिल्याशिवाय तुझ्या पॉपचं काही त्यांच्या कानात शिरणार नाही. म्हणून त्यांच्याशी गाण्याविषयी बोलायच्या आधी पैशांविषयी बोल. वही घेऊन बस. वर्षाला किती कार्यक्रम, किती मानधन, वादक आणि गाडी वजा जाता किती, घराला किती लागतात, भावाची किती वर्षं उरलीत. हिशेब मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. 'बाबा, मला शिकवा, पुढे मलाच बघायचंय' असं म्हण, आणि मनापासून म्हण. त्या वहीत तुझ्या नावावर काहीच साठलेलं नसेल तर रागावू नकोस, पण तिथून पुढे प्रत्येक मानधनातला ठरलेला वाटा तुझ्या खात्यात गेला पाहिजे.

ज्यांची लहान मुलं गातात अशा इतर आईवडिलांसाठीही इथेच सांगून ठेवते. २०१७ पासून आपल्याकडे नियम आहे. बालकलाकाराच्या कमाईतला निदान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त विश्रांतीशिवाय राबवता येत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात असा कायदा १९३९ मध्येच झाला. जॅकी कूगन या बालनटाने मोठेपणी आपली कमाई मागितली आणि घरच्यांनी ती बहुतेक खर्चून टाकली होती, त्यानंतर. तू टीव्हीवर गेलीस तेव्हा आपला नियम नव्हता. तुझ्यासाठी ते कुणी केलं नाही, आता तूच कर.

आणखी एका बापलेकीचं सांगते, बाबांनाही वाचून दाखव. अमेरिकन गायिका बियॉन्से लहान असताना मुलींच्या गटातून टीव्हीवरच्या स्पर्धेत गेली आणि १९९३ मध्ये हरली. तिच्या वडिलांनी १९९५ मध्ये मोठ्या कंपनीतली विक्रीची नोकरी सोडली आणि मुलींचा गट सांभाळायला घेतला. घराचं उत्पन्न निम्म्यावर आलं. पुढे ती जगप्रसिद्ध झाली त्यात वडिलांचा वाटा नाकारताच येणार नाही. तरी २०११ मध्ये तिने आपलं काम त्यांच्याकडून स्वतःकडे घेतलं, आणि ते जाहीरपणे, मानाने सांगितलं. वडील म्हणून ते होतेच, व्यवस्थापक म्हणून ती स्वतः उभी राहिली. तुला उद्याच असं करायला मी सांगत नाही. कार्यक्रमांच्या सुपाऱ्या बाबांकडेच राहू देत, त्यांच्या ओळखी आहेत, ते ते काम चांगलं करतात. नवी गाणी मात्र तुझ्याकडे. त्यातले पैसे, त्यातले वादक, त्यातले निर्णय तुझे. आणि 'लावणी होत नाही' हे आयोजकाला सुपारी घेतानाच सांगायचं काम बाबांनी करायचं, म्हणजे ऐनवेळी स्टेजवर तुला एकटीला तोंड द्यावं लागणार नाही. मुलीवर शिट्या येतात हे त्यांना माहीत आहे का? मला वाटतं, तू त्यांना कधी सांगितलं नसशील. सांग.

करारावर आत्ता सही करू नकोस.

अठराच्या आत तू स्वतः केलेली सही कायद्याने तुला बांधत नव्हती, विसाव्या वर्षीची सही बांधते. त्यामुळे चौदा पानं इंग्रजीत असतील तर ती आधी वकिलाकडून मराठीत समजून घ्यायची, गाण्याच्या हक्कांचं काम करणाऱ्या वकिलाकडून. गावात खरेदीखतं करून देणारे वकीलसाहेब कितीही चांगले असले तरी हे त्यांचं काम नव्हे. तोवर स्वतः एवढं शोध. या पाच वर्षांत तू लिहिलेली सगळी गाणी कंपनीची होतात का? कंपनीने एकही गाणं काढलं नाही तर तुला दुसरीकडे गाता येतं का? तुझं नाव, तुझा चेहरा आणि ते 'छोटी' कुणाच्या मालकीचं होतं? तुझ्या कार्यक्रमांच्या मानधनातही ते वाटा मागताहेत का? शेवटचं फार नीट बघ, कारण घर त्याच पैशांवर आहे.

आपला कॉपीराइट कायदा २०१२ च्या दुरुस्तीनंतर गाणं लिहिणाऱ्याच्या आणि चाल लावणाऱ्याच्या बाजूने बराच उभा आहे. गीतकार आणि संगीतकार म्हणून मिळणाऱ्या रॉयल्टीतला तुझा वाटा तुला सही करूनसुद्धा सोडून देता येत नाही, तसं कलम कुणी घातलं तर ते टिकत नाही. हक्क देताना कोणतं गाणं, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात, मोबदला किती, हे लेखी असावं लागतं. काळ लिहिलेलाच नसेल तर कायदा तो पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. दिलेला हक्क कंपनीने वर्षभरात वापरला नाही तर तो परत तुझा होतो, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच, आणि कंपन्या बहुतेक वेगळं लिहितातच. म्हणून ते वाक्य शोधायचं. तुझी पहिली एक-दोन गाणी बाहेर आली की गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेची सभासद हो. ती १९६९ पासून आहे. गायकांसाठी इस्रा ही संस्था २०१३ मध्ये झाली, आता ती वादकांनाही घेऊन इसाम्रा या नावाने चालते, तिचीही चौकशी कर.

आणि रिमिक्स तर नकोच. त्यात शब्द तुझे नाहीत, चाल तुझी नाही, आणि जी गोष्ट तुला मागे टाकायची आहे तिच्यावरच ते तुला पाच वर्षं उभं करतील. त्यांना तुझा फ्रॉक हवाय.

बाबा म्हणतात मराठीत असलं कोण ऐकतं. त्यांना विचार, २०२४ मध्ये कुठल्या हळदीत 'गुलाबी साडी' वाजलं नाही? जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडने स्वतः लिहिलं, स्वतः गायलं. त्याच्या कितीतरी आधी, २००२ च्या सुमारास, 'ऐका दाजिबा' गावोगावी वाजत होतं. त्याचे संगीतकार अवधूत गुप्ते आणि गायिका वैशाली सामंत पुढे २००८ मध्ये लहान मुलांच्या 'लिटिल चॅम्प्स'मध्ये परीक्षक होते, आणि त्या पर्वाच्या अंतिम फेरीतली पाचही मुलं तुझ्या ओळखीची असतील. कार्तिकी गायकवाड अभंग आणि लोकसंगीताकडे राहिली, प्रथमेश लघाटे आणि मुग्धा वैशंपायन शास्त्रीय आणि नाट्यसंगीताकडे, आर्या आंबेकर चित्रपटसंगीताकडे गेली आणि २०१७ मध्ये पडद्यावरही आली. रोहित राऊत तुझ्या वाटेचा, तो पॉप ढंगाचं गात राहिला, मोठा झाल्यावर पुन्हा स्पर्धेत, 'इंडियन आयडल'मध्ये, उतरला आणि २०२० मध्ये उपविजेता झाला. जिंकून हरून झालेल्या माणसाने परत रांगेत उभं राहायला किती धीर लागला असेल, याचा विचार कर. एकाच स्टेजवरून पाच वाटा निघाल्या, आणि २०२१ मध्ये ती पाचही जणं त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसली. आणि आज हिंदीत नावाजलेला गायक अरमान मलिक २००६ च्या हिंदी 'लिटिल चॅम्प्स'मध्ये अंतिम फेरीपर्यंतसुद्धा पोचला नव्हता.

कार्यक्रम एकदम सोडू नकोस, घर आहे. दोन-अडीच तासांच्या कार्यक्रमात तुझी दोन गाणी घाल. सुरुवातीला नको, लोक अजून खुर्च्या शोधत असतात. शेवटी नको, ते चपला शोधत असतात. तिसरं आणि आठवं ठेव, दोन्हीकडे लोकांच्या माहितीचं गाणं. गाण्याआधी भाषण करू नकोस, 'हे मी लिहिलंय' एवढंच. पहिल्या पाच-सहा वेळा टाळ्या पडणार नाहीत. दहाव्या वेळी कुठल्या ओळीला माणसं मान वर करतात ते बघ आणि गाणं तिथून दुरुस्त कर. इतक्या लोकांसमोर रोज गाणं तपासून बघायची सोय पुण्यात खोलीत बसून गाणी करणाऱ्या तुझ्या मित्रांना नाही, तुला आहे. या दहा वर्षांनी तुला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच असेल.

आता तुझा मुखडा.

'रात्रपाळीचे माग मला जोजवत राहिले,
आता या शांत खोलीत मला झोप येत नाही.'

मी हसले नाही. चारदा वाचला, मग हार्मोनियम काढली. इचलकरंजीच्या मुलीला पुण्यातली शांतता टोचते आणि खडखडाट आठवतो, हे आजवर मी कुठल्याही गाण्यात ऐकलेलं नाही. याला साधं म्हणू नकोस. मित्रांना सांग, मागाचा ठेका आधी घ्या, धोटा इकडून तिकडे जातो तसा, आणि दुसऱ्या ओळीला तो एकदम बंद करा. दुसऱ्या ओळीतला 'आता' काढ, 'मला'ही काढ, ते पहिल्या ओळीत येऊन गेलंय. 'या शांत खोलीत झोप येत नाही.' 'खोलीत'नंतर श्वास घ्यायला जागा होते. काळी तीनमध्ये म्हणून बघ, आणि अंतरा झाला की पाठव.